नणंदेचं घर समुद्राकाठी

दोन अंकांपूर्वी या सदरात एका पत्राला उत्तर देताना मी माझ्या धाकट्या बहिणीच्या घराविषयी लिहिलं होतं. ती ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या दक्षिणेला सुमारे ८० किलोमीटरवर वुलाँगाँग नावाच्या शहरात समुद्राकाठी राहते. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिच्याकडे जाऊन राहिले होते. त्या मजकुरावर खानापूर, निपाणी, येळ्ळूर, चिकोडी अशी चहूकडून पत्रं आली. आपल्या सीमाभागातल्या किती घरांतली माणसं समुद्रापलीकडे गेली आहेत आणि मागे राहिलेल्यांना त्यांच्याकडे जावंसं वाटत असूनही किती संकोच वाटतो, हे त्या पत्रांतून कळलं. म्हणून या वेळचं सगळं सदर त्या पत्रांसाठी.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी नंदगडजवळच्या खेड्यात राहते, वय ६१. माझी धाकटी नणंद तुम्ही लिहिलंत त्याच भागात असते, समुद्राला लागून घर आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा ती पाचवीत होती. तिची वेणी मीच घालायची. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या, तेव्हा तिला येता आलं नाही. आता फोनवर सारखी म्हणते, ‘ये की वहिनी, तीन महिने राहा.’ तिकीटही तेच काढणार आहेत. पण गल्लीतल्या बायका म्हणतात, दोघं नोकरीला जातात, घरात दोन पोरं, तुला फुकटची कामाला नेतायत. मुलगा म्हणतो, जा. मला इंग्रजी येत नाही, मराठी आणि कन्नड येतं. समुद्र म्हणजे मिरामारचा आणि एकदा गोकर्णचा बघितलेला. नणंदेच्या घरी एवढे दिवस राहावं का? राहिले तर कसं राहावं?
— एक वाचक, ता. खानापूर

उत्तर : ताई, जा. गल्लीतल्या बायकांना काय उत्तर द्यायचं ही चिंता सोडा. पण त्यांनी काढलेला प्रश्न मात्र तिकीट निघायच्या आधी नणंदेशी बोलून मिटवा.

तुमच्या पत्रातल्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. तिची वेणी तुम्ही घालत होता, आणि आई गेली तेव्हा तिला येता आलं नाही. आई गेल्यावर मुलीचं माहेर वहिनीच्या हाती येतं. वहिनीनं धरून ठेवलं तर राहतं, नाहीतर सख्खा भाऊ असूनही संपतं. आईविना एक वर्ष काढलेली मुलगी वहिनीला ‘ये की’ म्हणते, तेव्हा ती आपलं माहेर आपल्या दारात आणू बघते, असं मला मनापासून वाटतं. पोरांकडे बघायला घरातलं माणूस हवं, हाही भाग त्यात असेल. असू दे. आपल्या माणसाची गरज लागावी यात वाईट काही नाही. ती गरज न बोलता अंगावर पडली की मन खट्टू होतं, म्हणून आधी बोलायचं.

नणंद-भावजयीत हे बोलणंच अवघड असतं, तेव्हा शब्दही सुचवते. ‘सकाळची भाकरी-भाजी मी करीन, मला आवडतं. पोरांना शाळेतून आणायचं माझ्याकडून होणार नाही, रस्ता नवा आणि भाषाही नवी. आणि आठवड्यातला एक दिवस तू मला बाहेर न्यायचं.’ एवढं सरळ सांगा. तिकडे शाळा दुपारी तीनच्या सुमारास सुटतात आणि आईबाप संध्याकाळी परततात. मधल्या वेळेत पोरं कुणाकडे, हा नोकरी करणाऱ्या प्रत्येक घराचा रोजचा प्रश्न असतो. तुमच्याकडून काय होईल हे तिला आधी कळलं तर बाकीची सोय ती लावून ठेवील. परतीची तारीखही इथूनच ठरवून जा. तारीख ठरलेली असली की दोन्हीकडची माणसं मोकळी असतात. तिकीट तिनं काढू दे, पण आरोग्य विमा तुमच्या मुलानं काढावा. तिकडच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यसेवेचा लाभ भारतातून गेलेल्या पाहुण्यांना मिळत नाही आणि वुलाँगाँग ज्या राज्यात आहे तिथे अँब्युलन्सचेही पैसे पडतात. विमा आपल्या घरातून काढलेला असला की आजारपणात तिच्या यजमानांकडे बघायची वेळ येत नाही.

आता राहायचं कसं. सगळ्यात जड जाते ती दुपार. सकाळी सातला घर रिकामं होतं. बहिणीच्या घरात माणसं गेली की लाटांचा आवाज तेवढा उरायचा. आपल्याकडे भाजीवाली येते, शेजारीण कढीपत्ता मागायला डोकावते, कुणाच्या तरी परसात भांडी वाजतात. तिकडे दिवसभर दार वाजत नाही. पहिल्या आठवड्यात तुमचं मन खाली जाईल, आणि तेव्हा घरात बसून राहू नका. किल्ली मागून घ्या, कुलूप कसं उघडतं आणि कसं बसतं ते नणंदेसमोर करून बघा, घरचा पत्ता आणि तिचा फोन नंबर इंग्रजीत लिहिलेला कागद बटव्यात ठेवा, आणि चालायला बाहेर पडा. वुलाँगाँगला समुद्राच्या कडेनं लांबच लांब पायवाट आहे, मध्ये मध्ये बाकं आहेत. बंदरापाशी दोन दीपगृहं आहेत, एक धक्क्यावरचं १८७१ सालचं आणि दुसरं टेकाडावरचं १९३६ चं. रोज त्याच वेळेला गेलात की तीच माणसं भेटतात, हसून ‘मॉर्निंग’ म्हणतात. तुम्हीही म्हणा. पहिल्या महिन्याला एवढं इंग्रजी पुरतं.

घरातल्या दोन-तीन गोष्टी माहीत असू द्या. छताला धूर ओळखणारं यंत्र असतं, स्मोक अलार्म. आपली लाल मिरचीची फोडणी पडली की ते कानठळ्या बसवतं. फोडणीआधी चिमणीचा पंखा आणि खिडकी, दोन्ही उघडायची सवय लावा, आणि ते यंत्र कसं थांबवायचं हे पहिल्याच दिवशी विचारा. न्हाणीघरात घंगाळं घेऊन बसायची सोय नसते. खूप ठिकाणी शॉवरच्या कोपऱ्याबाहेरची फरशी कोरडीच ठेवतात, कारण पाणी जायला तिथे मोरी नसते. समुद्रावरून आलं की बाहेरच्या नळावर पाय धुऊन, वाळू झाडून मगच आत जायचं. आपल्याकडे शेतातून आल्यावर अंगणातल्या रांजणाशी पाय धुतात, अगदी तसं. ही गोष्ट तुम्हाला कुणी शिकवायला नको.

तुम्ही इंग्रजी येत नाही असं लिहिलंत, पण कन्नड येतं हे किती मोलाचं आहे ते तिकडे कळेल. सिडनी आणि वुलाँगाँगच्या मध्ये हेलेन्सबर्ग नावाचं गाव आहे. तिथे दाट झाडीत व्यंकटेश्वराचं मोठं देऊळ आहे, १९८५ सालापासूनचं. दक्षिणेकडच्या धर्तीचं गोपूर, घंटेचा आवाज, प्रसादाची रांग. तिथे येणाऱ्यांत कन्नड बोलणारी माणसं असतात. हुबळी-धारवाडकडची एक बाई मला तिथे भेटली आणि ‘बेळगावी’ म्हटल्याबरोबर तिनं माझा हात धरला. नणंदेला सांगा, पहिल्या रविवारीच मला तिथे ने.

मी भूगोल शिकवला, म्हणून ही एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या गोव्याच्या समुद्रात सूर्य बुडतो. तिकडे तो समुद्रातून वर येतो, कारण तो देशाचा पूर्व किनारा आहे. दुपारचा सूर्य आकाशात उत्तरेला असतो. ध्रुव तारा तिथून दिसतच नाही. त्याच्या बदली दक्षिणेकडे चार ठळक ताऱ्यांचा सदर्न क्रॉस दिसतो आणि तो तिथे कधी मावळत नाही. आपल्याकडूनही एप्रिल-मे महिन्यांत रात्री दक्षिण क्षितिजाजवळ तो दिसतो. जायच्या आधी नंदगडच्या बाजूच्या एखाद्या उघड्या माळावरून मुलाला घेऊन बघून ठेवा. तिकडे गेल्यावर नणंदेला आणि पोरांना तुम्हीच दाखवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आईचे शेवटचे दिवस तुमच्या नणंदेनं पाहिलेले नाहीत. तिला फोनवर कळवलं गेलं असेल, पण सांगितलं गेलेलं नाही. सासूबाई शेवटी काय जेवल्या, कुणाकुणाची आठवण काढली, दिवसकार्याला कोण कोण आलं, त्यांची पेटी उघडली तेव्हा आत काय निघालं, हे सगळं तिला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. विचारायचा तिला धीर होणार नाही. तुम्हीच सुरुवात करा. सासूबाईंच्या लुगड्यांची वाकळ घरात असेल तर स्वच्छ धुऊन, वाळवून घेऊन जा. ती उघडून नणंदेच्या पलंगावर घाला. पुढचं बोलणं आपोआप निघेल. या एका कामासाठी तीन महिने जास्त नाहीत, ताई.

प्रश्न : नमस्कार बाई. माझा मामेभाऊ त्याच किनाऱ्यावर राहतो. येत्या डिसेंबरात मी, पत्नी आणि दोन मुलं (वय ९ आणि १३) त्याच्याकडे जाणार आहोत. आम्ही सगळे विहिरीत पोहायला शिकलेले, मुलंही पट्टीची पोहतात. तरी पत्नीला समुद्राची भीती वाटते. तिची समजूत कशी घालू?
— एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : दादा, त्यांची समजूत घालू नका. त्या बरोबर आहेत, आणि तुम्ही त्यांच्या बाजूला या.

विहिरीचं पाणी एका जागी असतं. समुद्राचं पाणी तुम्हाला घेऊन जातं. तिकडचा किनारा उघड्या महासागराला तोंड देऊन आहे आणि तिथे रिप करंट म्हणतात तशी ओढ सतत असते. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत आत जायला वाट काढतं, ती ही वाट. धोका असा की ती वाट वरून सगळ्यात शांत दिसते. दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटत असतात आणि मध्ये एक पट्टा गडद, गुळगुळीत, लाट नसलेला. नवख्या माणसाला वाटतं, मुलांना उतरवायला हीच जागा बरी. तिथेच माणसं बुडतात.

म्हणून तिकडे एक नियम आहे आणि तो लहान मुलांनाही पाठ असतो. वाळूत लाल-पिवळे दोन झेंडे रोवलेले असतात आणि त्या दोन झेंड्यांच्या मधल्या पाण्यातच उतरायचं. जीवरक्षक रोज सकाळी पाणी बघून झेंड्यांची जागा ठरवतात, म्हणून काल जिथे झेंडे होते तिथे आज नसतील. झेंडे नाहीत त्या किनाऱ्यावर पाण्यात जायचंच नाही, पोहायला कितीही येत असलं तरी. हे जीवरक्षक बरेचसे स्वयंसेवक असतात, गावातली साधी माणसं. १९०७ पासून त्यांची मंडळं चालू आहेत. सिडनीच्या बॉन्डाय किनाऱ्यावर ६ फेब्रुवारी १९३८ ला लागोपाठ आलेल्या मोठ्या लाटांनी काही मिनिटांत शेकडो माणसं आत ओढली. पाच जण गेले आणि बाकीच्यांना या स्वयंसेवकांनी बाहेर काढलं. ते लोक झेंड्यांचं एवढं का मानतात, हे यावरून कळेल.

मुलांना इथूनच शिकवून ठेवा : ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नका, दमाल. पाठीवर तरंगा, एक हात वर करा, मदत येऊ द्या. अंगात ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाजूला सरका. पट्टीच्या पोहणाऱ्याला थांबून तरंगायला सांगणं सगळ्यात कठीण, म्हणून तुमच्या मोठ्या मुलाला हे आधी सांगा. आपल्या विहिरीत पाण्यावर उताणं पडून राहायचा सराव करून घ्या, तो उपयोगी पडेल.

तुमच्या पत्नीसाठी आणि धाकट्यासाठी तिकडे एक फार सुंदर सोय आहे. किनाऱ्याच्या खडकात बांधलेली तळी. समुद्राचंच पाणी, भरतीला लाट भिंतीवरून आत येते, पण ओढ नाही. वुलाँगाँगच्या उत्तरेला ऑस्टिनमरला अशी जोडतळी आहेत. शहरातल्या खाऱ्या पाण्याच्या काँटिनेंटल पूललाही पैसे पडत नाहीत. सकाळी तिथे म्हाताऱ्या बायका टोप्या घालून संथ पोहत असतात. माझी बहीण लग्नाआधी पोहायला कधी शिकली नव्हती, ती तिथेच चाळिशीत शिकली. तुमच्या पत्नीला पाण्याशी ओळख करायची असेल तर तिथे करू दे. भरती जोरात असेल त्या दिवशी मात्र ही तळीही टाळा.

डिसेंबर हा तिकडचा उन्हाळा. पाणी तरीही आपल्या समुद्राहून गार लागतं, २१-२२ अंशांच्या आसपास. वारा थंड असतो म्हणून ऊन जाणवत नाही आणि कातडी मात्र होरपळते. तिकडचं ऊन आपल्या रंगाच्या माणसांनाही बाधतं. टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे, सनस्क्रीन, आणि भर दुपारी सावली. ईशान्येचा वारा वाहिला की वाळूवर निळे फुगे आलेले दिसतात, त्यांना ब्लूबॉटल म्हणतात. मुलं हमखास हात लावायला जातात. त्याच्या धाग्याचा दंश आगीसारखा झोंबतो. धागे काढून, सोसेल एवढ्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं तो भाग बुडवून ठेवला की उतार पडतो. जीवरक्षकांकडे गेलात तर तेच करतील. तातडीच्या मदतीचा फोन नंबर ०००, हा सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा.

प्रश्न : बाई, मुलीकडे जाताना काय काय नेता येईल? बेळगावचा कुंदा, गोकाकचं करदंट, घरचं लोणचं, मसाला, शेंगदाण्याची चटणी, तुळशीचं रोप आणि देवासाठी आमच्या मळ्यातला नारळ न्यायचा विचार आहे. मुलीनं सगळं ‘नको’ म्हटलं, त्यामुळे मन दुखावलं आहे.
— एक आई, निपाणी

उत्तर : मन दुखावून घेऊ नका. मुलगी तुमच्या हातच्या वस्तूला नको म्हणत नाही. तिला विमानतळावरची तपासणी माहीत आहे.

ऑस्ट्रेलिया हे चारी बाजूंनी समुद्र असलेलं खंड आहे आणि गुरं, मेंढ्या, गहू यांवर तिथल्या शेतकऱ्याचं पोट आहे. आपल्याकडे गुरांना लाळ-खुरकूत होते, ती तिकडे १८७२ नंतर झालेली नाही. दुधाच्या पदार्थातून, मातीतून, बियांतून असला रोग किंवा कीड शिरू नये म्हणून ते डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात. तुम्ही निपाणीकडच्या, घरी गुरं असतील, तर हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त समजेल.

म्हणून कुंदा नको. तो दुधाचा आहे आणि आपल्या देशातून नेलेली दुधाची मिठाई ते आत घेत नाहीत. पेढा, बर्फी यांचंही तेच. मला स्वतःला याचं फार वाईट वाटलं होतं, कारण बहिणीनं दुसरं काहीच मागितलं नव्हतं. मी तिला कुंदा तिथेच करून दिला. दूध तिकडे छान दाट मिळतं, दही मिळतं, साखर आहेच. दूध आटवून, दही घालून, साखर जाळून घालून मंद आचेवर तास-दोन तास बसायची तयारी हवी. रंग आपल्या दुकानातल्यासारखा नाही आला, पण चव आली. नातवंडांना बाजूला उभं करून करा, म्हणजे मुलीला पुढे करता येईल.

तुळशीचं रोप, ओला नारळ, कढीपत्ता, आंब्याची डहाळी, पेरायला ठेवलेलं बी, यातलं काहीच नको. मसाला आणि चटणी कोरडी, दळलेली, दुकानातल्या बंद पाकिटातली आणि घटक छापलेली न्या. करदंटही खोक्यासकट न्या, सुटं नको. तेलातलं घरचं लोणचं सांडतं आणि त्यावर काही छापलेलंही नसतं, मी नेणार नाही. जे काही खायचं सामान असेल ते विमानात मिळणाऱ्या कार्डावर ‘आहे’ असं लिहायचं. ही गोष्ट मी हात जोडून सांगते. लिहून दाखवलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर जबर दंड होतो, व्हिसाही रद्द होऊ शकतो. गेल्या ३० दिवसांत शेतात किंवा गुरांत वावरलात का, असाही प्रश्न त्या कार्डावर असतो. खरं उत्तर द्या आणि चपला-बूट घासून, माती काढून न्या. औषधं तीन महिन्यांपुरती, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट.

मुलीला काहीतरी द्यायचंच असेल तर शहापूर-वडगावच्या मागावरची साडी न्या. कापडाला कुणी हरकत घेत नाही, आणि तिकडे दिवाळीला ती नेसेल तेव्हा चार जणी विचारतील कुठली म्हणून.

प्रश्न : माझं वय ७६, पत्नीचं ७१. मुलाकडे सहा-सात महिने राहायचा विचार आहे. जुन्या कागदांवर ‘बेळगाव’, नव्यांवर ‘बेळगावी’; शेताचा उतारा कन्नडमध्ये; शाळेच्या दाखल्यावर नाव एक तऱ्हेनं, आधारवर दुसऱ्या. व्हिसा अडेल का?
— एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : गावाच्या नावामुळे अडू नये. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारनं नाव बदललं, बंगळूरचंही त्याच दिवशी बदललं. दोन्ही एकच शहर, अशी एक ओळ अर्जासोबतच्या पत्रात लिहा. तुमच्या स्वतःच्या नावातला फरक मात्र मिटवून घ्या, कारण पासपोर्टवरचं नाव तेच खरं धरलं जातं. बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा किंवा दोन्ही नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र करून जोडा.

उतारा, पेन्शनचा कागद, घरफाळ्याची पावती हे लागतं ते तुम्ही परत येणार हे दिसावं म्हणून. इथे घर आहे, जमीन आहे, माणसं आहेत. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर मूळ कागदासोबत लागतं, आणि भाषांतर करणाऱ्याचं नाव, पत्ता, शिक्षण त्यावर असावं लागतं. कन्नड उताऱ्याचं भाषांतर उताऱ्यांची भाषा समजणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. शेताच्या उताऱ्यातले शब्द नवख्याला उलगडत नाहीत.

ऑस्ट्रेलियात पाहुणे म्हणून जाणाऱ्यांचा व्हिसा ६०० क्रमांकाचा, अर्ज ऑनलाइन. वय ७५ च्या पुढे असल्यामुळे तुम्हाला वैद्यकीय तपासणी लागेल, आणि ती त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं म्हटलं तर पत्नीलाही तपासणी आणि छातीचा एक्स-रे करावा लागेल. म्हणून मी सुचवीन की पहिल्या खेपेला सहा महिन्यांच्या आतच राहा. ऑक्टोबरात जा, मार्चअखेर परत या. तिकडची थंडी टळते. व्हिसा आला की त्यावरच्या अटी मुलाकडून शब्द न् शब्द वाचून घ्या. ८५०३ ही अट असेल तर तिथे गेल्यावर मुक्काम वाढवून मिळत नाही, हे आधीच धरून चाला. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बंगळूर गाठा, तिथून सिडनीला २०२२ पासून थेट विमान सुरू झालं आहे. तुमच्या वयाला मध्ये परक्या विमानतळावर उतरून धावपळ करण्यापेक्षा थोडे जास्त पैसे गेले तरी हेच बरं. व्हीलचेअर तिकिटासोबतच मागा, पायांनी चालता येत असलं तरी मागा. सोबत माणूस मिळतो आणि रांगा टळतात.

प्रश्न : आई मावशीकडे सिडनीजवळ गेली आहे. मी कामावरून आल्यावर रात्री नऊला फोन करते, ती उचलत नाही. उचलला तर घाबरलेली असते. काय करू?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : बाळ, आपल्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे तिकडे मध्यरात्रीनंतरचे दीड. ऑक्टोबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत तिकडची घड्याळं एक तास पुढे करतात, तेव्हा अडीच. एवढ्या रात्री फोन वाजला की कोणतीही आई घाबरेल. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, एकच्या सुमारास कर. तिकडे संध्याकाळचे साडेपाच-साडेसहा असतात, मावशी कामावरून येत असते आणि आई एकटीच खिडकीशी बसलेली असते. आठवड्यातून एकदा, रविवारी, जरा लांब बोल, आणि त्या दिवशी फोनवर गल्लीतली, आपल्या घरातली, बाजारातली माणसं तिला दाखव. तिच्या मैत्रिणीला घरी बोलावून फोन तिच्या हातात दे.